दुर्बीण, रोबोट की मोठा छेद? आतड्याच्या कॅन्सरमधले जगण्याचे आकडे कसे वाचायचे

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान पक्कं झालं की घरात एक चर्चा हमखास सुरू होते. ऑपरेशन पोट उघडून करायचं, दुर्बिणीने की रोबोटने? बिलांत मोठी तफावत असते, आणि महाग आहे म्हणजे माणूस जास्त जगत असणार, असा हिशेब मनात आपोआप होतो. त्यात २०२५ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि रोबोट सरस ठरल्याची चर्चा झाली. निकाल खरा आहे. पण त्यातून रुग्णाच्या घरच्यांनी काय घ्यायचं, हे मथळ्यावरून कळत नाही. ते कळायला आधी ऑपरेशनच्या टेबलावर नेमकं काय कापलं जातं ते पाहावं लागतं.

## कापायचं काय असतं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याचा शेवटचा, माकडहाडासमोरचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. कॅन्सरची गाठ आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होते, पण ऑपरेशन नुसत्या गाठीचं नसतं. आतडं मागच्या बाजूने चरबीच्या एका पडद्याने धरलेलं असतं. हातपंखा डोळ्यांसमोर आणा. पंख्याची बाहेरची कड म्हणजे आतडं, काड्या म्हणजे रक्तवाहिन्या आणि सगळ्या काड्या जिथे एकत्र येतात ती मूठ म्हणजे मुख्य रक्तवाहिनी. या काड्यांच्या कडेने बारीक लसिका गाठी असतात, म्हणजेच लिम्फ नोड. बऱ्याच तर डाळीच्या दाण्याहूनही लहान. सुटलेल्या कॅन्सरपेशी बहुधा आधी या गाठींत अडकतात, आणि कडेकडून मुठीकडे सरकत जातात. म्हणून सर्जन दोन्ही बाजूंचं काही सेंटिमीटर निरोगी आतडं आणि मागचा पंख्याचा तुकडा मुठीपासून एकसंध काढतो.

गुदाशयापाशी हा पंखा आतड्याभोवती गुंडाळला जातो. मग तो करंजीसारखा दिसतो: आत चरबी आणि लसिका गाठींचं सारण, बाहेर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पारी. पारी शाबूत ठेवून करंजी बाहेर आली तर सारण सांडत नाही. पारी फुटली तर सारणाचे कण ओटीपोटात मागे राहतात आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कॅन्सर त्याच जागी परतण्याची भीती वाढते.

करंजी काढायची जागाही अवघड. ओटीपोट म्हणजे खाली निमुळतं होत जाणारं हाडाचं नरसाळं. पुरुषांत ते आणखी अरुंद. लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा पारीला अगदी चिकटून जातात. हात चार मिलिमीटर आत गेला तर पारी फुटते, चार मिलिमीटर बाहेर गेला तर नस तुटते.

## सुरी तीच, वाट वेगळी

१९८० पूर्वी गुदाशय सोडवताना सर्जन बऱ्याचदा हात घालून, बोटांनी ओढून तो मोकळा करत. पारी कुठे फाटली हे दिसतही नसे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावातले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की पारीच्या बाहेर कापसासारख्या तंतूंचा एक थर असतो. डोळ्यांनी बघत, कात्रीने, त्याच थरातून गेलं तर रक्तही फारसं येत नाही आणि करंजी अख्खी निघते.

ही वाट शिकवण्यासाठी स्टॉकहोममध्ये १९९० च्या दशकात कार्यशाळा झाल्या. त्याआधीच्या तिथल्या चाचण्यांत दोन वर्षांत सुमारे १५ टक्के रुग्णांना कॅन्सर त्याच जागी परतला होता. कार्यशाळांनंतर तो आकडा ६ टक्क्यांवर आला. कायमची पिशवी, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड काढावं लागणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. सगळी ऑपरेशनं पोट उघडूनच झाली होती.

दुर्बीण आणि रोबोट यांची तुलना वाचताना हे पाठीशी ठेवावं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, ५ ते १२ मिलिमीटरच्या चार-पाच भोकांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची अवजारं घालतात आणि शेवटी काढलेला तुकडा चार-सहा सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर घेतात. रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. फायदा असा की अवजाराला मनगटासारखी वळणारी टोकं असतात आणि चित्र थ्री-डी दिसतं. तिन्हींत काम एकच: पंखा मुठीपासून काढायचा, करंजी फोडायची नाही.

## “आमच्याकडे नव्या पद्धतीने जास्त जगतात”

हे वाक्य खोटं नसतं, तरी फसवं असू शकतं. नव्वद टक्क्यांच्या वरच्यांनाच प्रवेश देणारा क्लास दहावीनंतर निकालाची पानभर जाहिरात देतो, तसं. नुसत्या रुग्णालयाच्या नोंदी काढून पाहिल्या तर दुर्बिणीवाले उघड्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा जास्त जगलेले दिसतील. पण आतडं बंद पडून रात्री दोन वाजता आलेला रुग्ण, मूत्राशयाला चिकटलेली गाठ, आधीच्या तीन ऑपरेशनांनी गच्च झालेलं पोट, हे सगळे बहुतेक वेळा उघड्या ऑपरेशनकडे जातात. त्यांचं आयुष्य छेदाने कमी केलेलं नसतं.

याचं जुनं, ठळक उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं. तिथले सर्जन रूपर्ट टर्नबुल गाठीला हात लावण्याआधी रक्तवाहिन्या बांधत आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना आतडं दोरीने आवळत, जेणेकरून हाताळताना पेशी रक्तात ढकलल्या जाऊ नयेत. १९६७ मध्ये त्यांनी आकडे दिले: पाच वर्षं जगलेले त्यांचे रुग्ण सुमारे ५१ टक्के, त्याच रुग्णालयातल्या इतर सर्जनांचे सुमारे ३५ टक्के. सोळा टक्क्यांचा फरक! कल्पना पटण्यासारखी होती आणि ती दशकानुदशकं शिकवली गेली. पण तुलना एका हातखंडा सर्जनच्या रुग्णांची इतरांच्या रुग्णांशी होती. पुढे नेदरलँड्समध्ये २३६ रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं, तेव्हा जगण्यात ठोस फरक निघाला नाही. जपानमध्ये ८५३ रुग्णांवर हीच परीक्षा झाली: तीन वर्षं कॅन्सर न परतता जगलेले ‘हात न लावता’ गटात ७६.२ टक्के, नेहमीच्या गटात ७७.३ टक्के. सोळा टक्के कुठे गेले? ते बहुधा त्या पद्धतीचे कधी नव्हतेच.

दुसरा फसवा प्रकार शाळेतला आहे. अ तुकडीतली सगळ्यांत कच्ची पाच मुलं ब तुकडीत टाकली, आणि ती ब मधल्या सरासरीपेक्षा थोडी बरी असली, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही मुलाचा मार्क वाढलेला नसतो. ज्या रुग्णालयात काढलेल्या तुकड्यात २५ लसिका गाठी शोधतात, तिथे लपलेला प्रसार सापडतो आणि दुसऱ्या स्टेजचे काही रुग्ण तिसरीत जातात, कारण लसिका गाठींत कॅन्सर सापडला की स्टेज तिसरी धरतात. मग ‘आमचे दुसऱ्या स्टेजचे रुग्ण जास्त जगतात’ आणि ‘तिसऱ्या स्टेजचेही’, दोन्ही वाक्यं खरी ठरतात. म्हणून स्टेजवार टक्के दोन रुग्णालयांत ताडून बघताना गाठी किती मोजल्या हे विचारावंच लागतं.

## चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्या

उपाय एकच: कोणाला कोणतं ऑपरेशन हे सर्जनने किंवा रुग्णाने न ठरवता संगणकाच्या चिठ्ठीवर सोडायचं. आणि एकदा दुर्बिणीची चिठ्ठी निघाली की तो रुग्ण शेवटपर्यंत दुर्बिणीच्याच खात्यात मोजायचा, जरी मध्येच अडचण येऊन पोट उघडावं लागलं तरी. हे अनेकांना विचित्र वाटतं. पण अवघड रुग्ण वाटेतच उघड्या गटात सरकवायची मुभा दिली तर परत तो क्लासचाच निकाल लागतो.

अमेरिकेतल्या अशा चाचणीत ८७२ रुग्ण होते. सहभागी सर्जनने आधी किमान २० दुर्बिणीची ऑपरेशनं केलेली असावीत अशी अट होती आणि कामाचा व्हिडिओ तपासला जाई. तरीही पाचातल्या एका रुग्णाचं पोट मध्येच उघडावं लागलं. २००४ मध्ये आलेला निकाल: तीन वर्षांनी जिवंत असलेले दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, उघड्या गटात ८५. पाच वर्षांनी ७६.४ आणि ७४.६. नव्वदीत एक भीती पसरली होती, की दुर्बिणीच्या भोकांवर कॅन्सर रुजतो. या चाचणीत जखमेवर परतलेला कॅन्सर दोन्ही गटांत एक टक्क्याच्या आत निघाला. आता तुकडा बाहेर काढताना छेदाला प्लास्टिकची बाही बसवतात, तिच्यामागे ही भीतीही आहे.

थोडक्यात, गुदाशयाच्या वरच्या आतड्यासाठी दुर्बिणीने आयुष्य वाढत नाही आणि कमीही होत नाही. वेदना कमी, घरी जाणं एखाद दिवस लवकर, हर्नियाचा त्रास कमी, हे फायदे आहेत. ते लहान नाहीत, पण ते वेगळ्या रकान्यातले आहेत.

## “पाच वर्षं ७५ टक्के” हा आकडा येतो कुठून

सगळे रुग्ण पाच वर्षं डोळ्यांसमोर राहत नाहीत. कोणी गाव बदलतं, कोणाचा फोन बंद लागतो, कोणाच्या ऑपरेशनला अजून दोनच वर्षं झालेली असतात. समजा १०० रुग्ण घेतले. पहिल्या वर्षी १० गेले: जगण्याचं प्रमाण ९० टक्के. वर्षाअखेर आणखी १० जणांचा पत्ता लागेनासा झाला. उरले ८०. दुसऱ्या वर्षी त्यांतले ८ गेले, म्हणजे ८० पैकी ७२, परत ९० टक्के. दोन वर्षांचं जगणं ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. पत्ता हरवलेले मेलेले धरत नाहीत आणि जिवंतही धरत नाहीत. ते होते तोवर मोजतात, मग वजा करतात.

या हिशेबाचा कच्चा दुवा उघड आहे. पत्ता हरवलेल्यांत आजारी पडून गावी गेलेले जास्त असतील तर आकडा खऱ्यापेक्षा गोड दिसतो. आपल्याकडे रुग्ण लांबून मुंबईला येतात आणि तब्येत ढासळली की तपासणीला येणं थांबतं, त्यामुळे ‘किती जणांचा पाठपुरावा सुटला’ हा आकडा जगण्याच्या टक्केवारीइतकाच मोलाचा आहे. तो छापलेला नसेल तर मी त्या टक्केवारीवर फार भरवसा ठेवणार नाही.

आणखी एक. ‘जिवंत’ आणि ‘कॅन्सर न परतता जिवंत’ ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्यात फक्त मृत्यू मोजतात, मग तो हृदयविकाराने का असेना. दुसऱ्यात कॅन्सर परतणंही मोजलं जातं. एका अभ्यासाचं पहिलं माप आणि दुसऱ्याचं दुसरं, अशी सरमिसळ होते तेव्हा वाद पेटतात.

## “वाईट नाही” हे सिद्ध करणं किती कठीण

दुर्बीण जास्त चांगली आहे असा दावा नव्हताच. दावा होता की ती फारशी वाईट नाही. मग ‘फारशी’ म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागतं. गावाला जायला नवा, सोयीचा रस्ता निघाला. जुन्यापेक्षा दहा मिनिटांहून जास्त उशीर होत नसेल तर आपण तो स्वीकारू. पण चारच फेऱ्या मारून सरासरी पाच मिनिटं उशीर आला, तर खरा उशीर बाराही असू शकतो. पुरेशा फेऱ्या लागतात.

युरोपातल्या चाचणीत १,२४८ रुग्ण होते आणि मर्यादा होती ७ टक्के. तीन वर्षं कॅन्सर न परतता जगलेले दुर्बिणीत ७४.२, उघड्यात ७६.२. फरक फक्त दोन. पण संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा फरक उघड्या पद्धतीच्या बाजूने ७.२ टक्क्यांपर्यंत असू शकत होता. ०.२ ने मर्यादा ओलांडली, म्हणून औपचारिक निकाल ‘सिद्ध झालं नाही’. जपानमध्ये याहून गमतीदार घडलं: पाच वर्षांनी दुर्बिणीत ९१.८ आणि उघड्यात ९०.४ टक्के जिवंत, म्हणजे मृत्यू अंदाजापेक्षा इतके कमी की तुलनेला पुरेशी संख्याच जमली नाही, आणि ‘वाईट नाही’ हे सिद्ध करता आलं नाही! ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘वाईट सिद्ध झालं’ असा नसतो. बातमीत हा फरक दर वेळी गळतो.

## गुदाशयाची गोष्ट वेगळी

वरच्या आतड्यात जागा मोकळी असते. गुदाशयात करंजी नरसाळ्याच्या तळातून काढायची असते. इथे चाचण्यांचं एकमत नाही. मुख्यतः युरोपातल्या १,०४४ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांत त्याच जागी परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत बरोब्बर ५ टक्के निघालं. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांनी वेगळंच माप घेतलं. त्यांनी काढलेल्या तुकड्याकडे पाहिलं: पारी शाबूत आहे का, कडेला कॅन्सर पोचलाय का. नीट निघालेले तुकडे अमेरिकेत दुर्बिणीने ८१.७ टक्के, उघड्याने ८६.९, ऑस्ट्रेलियात ८२ आणि ८९. म्हणजे नीट न निघालेले तुकडे दुर्बिणीने थोडे जास्त होते. पुढे जगण्यात मोठी दरी दिसली नाही, पण तिथल्या सर्जनांनी ही नोंद हलकी घेतली नाही.

नवी वाट किती महागात पडू शकते हे नॉर्वेने पाहिलं. तिथे काही रुग्णालयांनी गुदाशय खालून, गुदद्वारातून सोडवायला सुरुवात केली. त्यासाठी आधी गाठीच्या खाली, आतड्याच्या आतून बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालून आतडं बंद करतात, मग वायू भरतात. नाडी सैल राहिली तर वायूच्या दाबाने आतड्यातल्या पेशी ओटीपोटात उडतात, असं तज्ज्ञांना वाटतं. राष्ट्रीय नोंदींत त्याच जागी परतण्याचं प्रमाण सुमारे अडीच वर्षांत ११.६ टक्के निघालं. इतर पद्धतींत ते २.४ होतं. शिवाय एकाच वेळी अनेक ठिकाणी आणि लवकर. नॉर्वेने ही पद्धत थांबवली.

“लहान भोक म्हणजे कमी धोका” ही समजूत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने तर पुरती मोडली. २०१८ च्या चाचणीत तीन वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रिया उघड्या ऑपरेशनमध्ये ९९.० टक्के आणि दुर्बीण-रोबोटच्या गटात ९३.८ टक्के. अवयव बदलला की हिशेब नव्याने मांडावा लागतो.

## मग रोबोट?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पोट मध्येच उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटने ८.१ टक्के आणि दुर्बिणीने १२.२ टक्के होतं. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. चीनमधली चाचणी मोठी, ११ रुग्णालयांतली. गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या गाठी, अनुभवी सर्जन, सुमारे १,१७० रुग्णांचा हिशेब. तीन वर्षांत त्याच जागी किंवा आसपास परतणं: रोबोट १.६ टक्के, दुर्बीण ४.० टक्के.

मथळ्यात हे ‘धोका ६० टक्क्यांनी कमी’ असं बसतं. शंभर रुग्णांत मोजलं तर चाराऐवजी दीड-दोन. म्हणजे एकाचा कॅन्सर परतू नये म्हणून साधारण ४२ जणांची ऑपरेशनं दुर्बिणीऐवजी रोबोटने करावी लागतील. त्या एकासाठी हा फायदा प्रचंड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीन वर्षांनी एकूण जिवंत असलेले ९४.७ आणि ९३.० टक्के होते, आणि या फरकाला योगायोगापलीकडे नेण्याइतका पुरावा नव्हता. तुलना दुर्बिणीशी होती, उघड्या ऑपरेशनशी नव्हती. आणि गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात असेल तर या चाचणीचा तुमच्याशी काही संबंध नाही. अरुंद ओटीपोट, खालची गाठ, लठ्ठ पुरुष, इथे वळणाऱ्या टोकांचा उपयोग पटतो. सरसकट नाही.

## सर्जनला काय विचारायचं, रिपोर्टवर काय बघायचं

वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, पोट मध्येच किती वेळा उघडावं लागतं आणि आतड्याचा जोड किती जणांत गळतो, हे तीन आकडे मागावेत. गळती ही नुसती तात्पुरती अडचण नसते. पोटात मळ सांडतो, माणूस आयसीयूत जातो, केमो आठवड्यांनी लांबते. गुदाशयाची गाठ असेल तर ऑपरेशनआधी एमआरआय झाला का आणि आधी रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘लाईट’ म्हणतात, ते लागणार का, याची चर्चा सर्जनने एकट्याने न करता कॅन्सरच्या औषधांच्या आणि रेडिएशनच्या डॉक्टरांबरोबर केली का, हेही विचारावं.

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. खरं प्रगतिपुस्तक हेच. तपासणारे डॉक्टर काढलेल्या तुकड्याच्या बाहेरून शाई लावतात आणि दुधीच्या चकत्यांसारखे काप करून शाईपासून कॅन्सर किती दूर आहे ते मोजतात. गुदाशयात हे अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कड कॅन्सरमुक्त धरत नाहीत. ‘मेसोरेक्टम’ या शब्दापुढे कम्प्लीट, निअरली कम्प्लीट किंवा इनकम्प्लीट लिहिलेलं असतं: करंजीची पारी शाबूत, थोडी खरचटलेली की फुटलेली. आणि लसिका गाठींपुढे ३/१८ असा आकडा असतो. १८ तपासल्या, ३ मध्ये कॅन्सर. खालचा आकडा किमान १२ असावा. आधी रेडिएशन झालं असेल तर गाठी आकसतात आणि बाराही सापडत नाहीत, त्यात कोणाची चूक नसते. रेडिएशन न होता सात-आठच मिळाल्या असतील, तर चरबी पुन्हा चाळून बघा असं तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगता येतं. काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या डब्यात काही आठवडेच ठेवतात, म्हणून ते रिपोर्ट हातात पडल्यावर लगेच सांगावं लागतं.